सातशे रुपयांचा ब्रिज

दोन-तीन वीकेंड काहीच लिहिलं नाही. त्याचं कारण सध्या आमच्या डायनिंग टेबलवर बसलंय आणि "हे कधी उचलणार आहेस?" असं आई रोज विचारते आहे. राखाडी रंगाचं एक धूड आहे, वजनाला सात-आठ किलो तरी असेल. समोर एक मोठी गोल डायल, शेजारी एक लहान डायल, आणि काट्याचं मीटर. पाटीवर लिहिलंय: जनरल रेडिओ कंपनी, इम्पीडन्स ब्रिज, टाइप १६५०-ए. बाजूला कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटनं डेड स्टॉक नंबर घातलाय, त्यातले दोन आकडे खरवडून गेलेत. त्यामुळे हे कुठल्या संस्थेतून बाहेर पडलं ते कळायला मार्ग नाही.

तर झालं असं की, रविवारी जाफरगेटच्या आठवडी बाजारात सायकलसाठी पान्हा शोधत फिरत होतो. एका चाचांच्या गोणपाटावर जुने नळ, गिझरचे कॉईल, फुटके स्पीकर आणि त्यात हे. मी म्हटलं, वजनावर द्या. चाचा म्हणाले, "वजनपे नै भाई, अमेरिकन पीस है." हजारावरून सुरुवात झाली, सातशेवर तुटलं. पान्हा राहिलाच.

आता कबुलीजबाब. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा इंजिनिअर आहे. निदान डिग्रीवर तसं छापलेलं आहे. कॅम्पसमधून आयटीत गेलो, तेव्हापासून सोल्डरिंग आयर्न हातात धरलं ते फक्त इअरफोन जोडायला. पण ब्रिज म्हटलं की आजही झोपेतून उठवा, मॅक्सवेल, हे, अँडरसन, शेरिंग, डी सॉटी, वीन अशी यादी म्हणून दाखवीन. ए. के. सॉहनींच्या जाडजूड पुस्तकातली ती प्रकरणं, ते फेझर डायग्राम. परीक्षेत आठ मार्कांना हमखास.

आणि प्रॅक्टिकल? आमच्या लॅबमध्ये प्लॅस्टिकच्या पॅनेलवर छापलेली ट्रेनर किट होती. ज्या कॉईलचं मूल्य शोधायचं, त्याच्याच शेजारी ते मूल्य छापलेलं! आम्ही उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग तयार करायचो. त्यातही शहाणपण होतं बरं का. एरर अगदी शून्य आला तर एक्स्टर्नलला संशय येतो, म्हणून दोन-अडीच टक्के चूक मुद्दाम पेरायची. माझं जर्नल इतकं सुंदर होतं की पुढच्या बॅचनं ते झेरॉक्स केलं. म्हणजे मी कधीही न घेतलेली रीडिंग आणखी साठ जणांनी कधीच घेतली नाहीत. :)

असो. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

कुणाला झोका देताना दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. किती जोरात ढकलता आणि कधी ढकलता. झोका परत येत असताना ढकललंत तर सगळा जोर वाया. उलटसुलट वाहणारी वीज, म्हणजे एसी, एखाद्या कॉईलमधून किंवा कपॅसिटरमधून जाते तेव्हा असंच होतं. ती किती अडते हा एक प्रश्न, आणि अडल्यामुळे किती मागे-पुढे होते हा दुसरा. या दोन्हींचं मिळून नाव इम्पीडन्स. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या अवलियानं १८८६ साली घडवला. मराठीत त्याला संरोध असा शब्द आहे, तो मला डिग्री मिळाल्यावर चार वर्षांनी कळला. मुद्दा एवढाच की इम्पीडन्सचं उत्तर एका आकड्यात येत नाही. दोन लागतात.

ब्रिज म्हणजे तराजू. एका पारड्यात तुमची अनोळखी वस्तू, दुसऱ्यात ओळखीची. फरक इतकाच की साध्या तराजूत फक्त वजन जुळवायचं असतं, इथे वजन आणि वेळ दोन्ही जुळवावं लागतं. म्हणून दोन डायल. दोन्ही बरोबर लागल्या की काटा शून्यावर येतो, त्याला नल म्हणतात. सॅम्युअल हंटर ख्रिस्टीनं १८३३ साली ही चार भुजांची जोडणी मांडली, व्हीटस्टननं १८४३ मध्ये ती जगापुढे आणली आणि ख्रिस्टीचं नावही घेतलं. तरी जगानं नाव व्हीटस्टनचंच ठेवलं. कॉईलची तुलना कपॅसिटरशी करायची मॅक्सवेलची युक्ती १८७३ च्या ग्रंथातली, आणि तिला एसीवर आणलं मॅक्स वीननं, १८९१ मध्ये. मॅक्सवेलच्या ब्रिजमध्ये एक गंमत आहे जी मी आठ मार्कांसाठी शेकडो वेळा लिहिली आणि एकदाही थांबून पाहिली नाही. काटा शून्यावर आला की कॉईलच्या मूल्याच्या सूत्रातून फ्रिक्वेन्सी चक्क गायब होते. म्हणजे तुमचा ऑसिलेटर थोडा इकडेतिकडे असला तरी उत्तराला धक्का लागत नाही.

माझ्या टेबलवरचं मॉडेल १९५९ चं. जनरल रेडिओ ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी, १९१५ साली सुरू झालेली. १९७५ मध्ये तिचं नाव जेनरॅड झालं आणि २००१ मध्ये टेराडाइननं ती विकत घेतली. डब्यात स्वतःचा एक किलोहर्ट्‌झचा ऑसिलेटर आहे, टॉर्चच्या चार मोठ्या सेलवर चालतो. एक टक्का अचूकता. १९५९ साठी सोडा, आजही बऱ्याच कामांना पुरते.

सेलचा कप्पा उघडला तर आत हिरवट-पांढरी बुरशी. अर्धा रविवार पॉलिश पेपरनं घासण्यात गेला. स्विच कुरकुरत होते, त्यांना क्लीनर मारला. सेल घातले. काटा हलला!

आणि मग मला ब्रिज लावता येईना.

खरंच सांगतो. एक साधी कॉईल जोडली. मोठी डायल फिरवतो, काटा खाली येतो, मग थांबतो. लहान डायल फिरवतो, आणखी थोडा खाली. परत मोठी, परत लहान. प्रत्येक वेळी शून्य जरासं पुढे सरकलेलं. मृगजळासारखं. वीस मिनिटं झाली. बाबा पेपर वाचत होते. ते उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, "सरक."

बाबांबद्दल सांगायला हवं. ते डिप्लोमावाले. चिकलठाणा एमआयडीसीत एका लहान कारखान्यात, जिथे चोक आणि ट्रान्सफॉर्मर बनायचे, तिथे ते टेस्टिंगला होते. आता रिटायर झालेत. ते काय करायचे हे मला लहानपणी विचारलं असतं तर मी "कंपनीत आहेत" एवढंच सांगितलं असतं. त्यांनी दोन्ही डायलवर एकेक हात ठेवला. डायलकडे पाहिलंच नाही. नजर काट्यावर, दोन्ही हात एकदम थोडेथोडे, रेडिओचं स्टेशन लावावं तसे. पंधरा सेकंदात काटा शून्यावर.

"सरकता नल आहे हा," ते म्हणाले. "कॉईल हलकी असली की असंच करतो. आणि याला तर सोय पण दिलीये बघ." एक खटका त्यांनी ओढला. मी पाटीवरचा शब्द वाचला होता, ऑर्थोनल, पण तो कशासाठी ते कळलं नव्हतं. नंतर वाचून काढलं. ही या मॉडेलची खासियत आहे आणि ती निव्वळ यांत्रिक आहे. कमी क्यूच्या कॉईलला दोन्ही डायल एकमेकींच्या पायात पाय घालतात. म्हणून खटका ओढला की मोठी डायल फिरवताना लहान डायलही त्याच प्रमाणात ओढली जाते. पण लहान फिरवली तर मोठी जागची हलत नाही. दोन समीकरणं एकमेकांपासून सुटी करायची हे काम आपण आज सॉफ्टवेअरमध्ये मॅट्रिक्स मांडून करू. या लोकांनी ते धातूच्या जोडणीत करून टाकलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की हा आता "जुनं ते सोनं" म्हणणार. मलाही वाटलं होतं. मी बाबांना म्हटलंसुद्धा की काय मजा असेल तुमच्या कामात. त्यावर त्यांनी जे ऐकवलं ते असं: "मजा? एका पाळीत शेकड्यांनी चोक. संध्याकाळी डोळ्यापुढे काटाच नाचायचा. डिजिटल मीटर आलं त्या दिवशी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते आम्ही." म्हणजे कारखान्यात परत ब्रिज आणा असं म्हणणाऱ्याला बाबाच हाकलून देतील. बरोबरच आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यासाठी एका कपॅसिटरची गोष्ट सांगावी लागेल.

मागच्या वर्षी माझा मॉनिटर बंद पडला. उत्साहाच्या भरात उघडला. पॉवर सप्लायच्या कंट्रोलर आयसीशेजारी १० मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर होता. सगळे व्हिडिओ म्हणत होते की हाच गुन्हेगार असतो. काढला, माझ्या डिजिटल एलसीआर मीटरवर लावला. ९.६ दिसले. दहाला नऊ पॉइंट सहा, अजून काय हवं? निर्दोष मुक्तता. परत लावला, दोन दिवस बाकी बोर्ड तपासलं, शेवटी हात टेकले आणि नऊ हजारांचा नवा मॉनिटर आणला. जुना माळ्यावर.

ब्रिज चालू झाल्यावर मोजायला काहीतरी हवं म्हणून तोच कपॅसिटर काढला. मोठी डायल दहाच्या आसपास आणली, काटा जेमतेम हलला. नल येईना. लहान डायल, जिच्यावर डी लिहिलंय, ती फिरवत फिरवत थेट ०.६ पर्यंत नेली तेव्हा कुठे काटा पडला. डी म्हणजे कपॅसिटरमधली गळती समजा, जेवढी ऊर्जा साठवून परत द्यायची त्याच्या तुलनेत किती उष्णतेत वाया जाते ते. नव्या कपॅसिटरचा लावून पाहिला तर ०.१ च्या आसपास. म्हणजे आमचा निर्दोष आरोपी आतून पार सुकलेला होता. त्याच्यात जवळपास दहा ओहमचा रोध बसलेला.

अजून एक. ब्रिजवर निवड करावी लागते की तुम्ही हा कपॅसिटर सिरीज धरताय की पॅरलल. सिरीज धरला तर ९.६, पॅरलल धरला तर ७.१. एकच वस्तू, दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. डी ०.१ च्या खाली असेल तर या दोन उत्तरांत एक टक्काही फरक पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. डी १ झाला की एक उत्तर दुसऱ्याच्या दुप्पट. हेही मी जर्नलमध्ये सूत्र म्हणून लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या डिजिटल मीटरलाही डीचं बटण आहे. दाबलं. ०.६ दिसलं. मीटरची काहीच चूक नव्हती. विकत घेतल्यापासून ते बटण मी एकदाही दाबलं नव्हतं, कारण पहिला आकडा आला की माझं समाधान होत होतं. ब्रिजवर ती सोयच नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तो पहिलंही उत्तर देत नाही. माझा सगळा मुद्दा इतकाच आहे.

दोन रुपयांचा नवा कपॅसिटर लावला. मॉनिटर चालू झाला. नऊ हजारांबद्दल घरात चर्चा नको.

पण हे मॉनिटरपुरतं थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं. ऑफिसमध्ये आमची टीम इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्यांचा डेटा सांभाळते. कुठला पॅक थकलाय, कुठला ठणठणीत, असा डॅशबोर्ड. त्यात सेलच्या अंतर्गत रोधाचा एक कॉलम आहे, मिलिओहममध्ये. तो कॉलम मी बनवलेला. सेल दोन पुरवठादारांकडून येतात. ब्रिजवाल्या रविवारनंतरच्या मंगळवारी सहज म्हणून दोघांच्या डेटाशीट काढल्या. एक आकडा एक किलोहर्ट्‌झ एसीवर मोजलेला, दुसरा डीसी लोडचा झटका देऊन. हे दोन आकडे एक नव्हेतच. डीसीचा आकडा मोठा येतो, कारण सेलमधल्या संथ रासायनिक क्रिया त्यात धरल्या जातात, एक किलोहर्ट्‌झवर त्यांना जागं व्हायला वेळच मिळत नाही. आणि मी दोघांना एकाच कॉलममध्ये, एकाच मर्यादेला तोलत होतो. सहा महिने. एका पुरवठादाराचे चांगले पॅक "कमकुवत" म्हणून लाल दिसत होते, काही तर बदलूनही दिले गेले. तिघांनी कोड रिव्ह्यू केला होता. टेस्ट सगळ्या हिरव्या. युनिट तर जुळत होतं ना, मिलिओहम!

मॅनेजरला सांगताना घाम फुटला. आता दोन कॉलम आहेत आणि प्रत्येकापुढे मोजण्याची पद्धत लिहिलेली आहे. (घरी प्रयोग करणाऱ्यांना विनंती: लिथियम सेल थेट अशा ब्रिजला जोडू नका. सेलचा स्वतःचा व्होल्टेज ब्रिजच्या भुजांमध्ये घुसेल.)

म्हणून मला तो डेड स्टॉक नंबर खुपतो. आपल्या शहरात १९६० पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यानंतर खाजगी किती झाली ते मोजायला नकोच. विद्यापीठाच्या आवारात नाइलिट आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीईडीटीआय. २०२४ साली बिडकीनला एथरच्या कारखान्याची घोषणा झाली, त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करचा करार झाला. बॅटरी, मोटर, चार्जर, यातल्या प्रत्येक वस्तूच्या तपासणीत इम्पीडन्स कुठे ना कुठे येणारच. आणि त्याच शहरात इम्पीडन्स शिकवणारं चालू स्थितीतलं यंत्र गिझरच्या कॉईलशेजारी गोणपाटावर पडलेलं. निर्लेखनाच्या फाईलवर सही करणाऱ्यालाही दोष देववत नाही. कपाटात जागा नाही, ऑडिटवाले विचारतात, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र नाही, सेल गळलेले. माझ्या हातात फाईल आली असती तर मीही सही केली असती.

ब्रिजच्या विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे हे मान्य. एकाच फ्रिक्वेन्सीवर मोजतो, आजच्या चार्जरमधल्या पार्टला ती अपुरी. हळू आहे. बिघडला तर दुरुस्त करणारा सापडत नाही. लॅबमध्ये डिजिटल मीटर हवंच, चांगलं हवं. पण त्या खोलीत दोन ब्रिज राहू द्यायला काय जातं? सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल. आणि माझी एकच अट: पार्टवर मूल्य छापलेलं नको. काळा रंग फासा, डबीत बंद करा, प्रत्येक गटाला वेगळी डबी द्या, नंबर फक्त सरांच्या वहीत. मग बघू कोण जर्नल झेरॉक्स करतो ते. व्हायवाला विचारायचं, सिरीज धरलास की पॅरलल, आणि का? माझ्या वेळी कुणी हे विचारलं असतं तर मी तेव्हाच फेल झालो असतो, आणि ते बरंच झालं असतं.

मित्राला हे बोललो तर तो म्हणाला, अरे मुलांना प्लेसमेंटला कोडिंग विचारतात, ब्रिज नाही. खरंय. मीही कोडिंगवरच लागलो. आणि कोडिंग करूनच तो कॉलम चुकवला.

बाबांनी आता टेबलचा ताबा घेतलाय. तक्रार करता करता घरातले सगळे जुने कपॅसिटर मोजून झाले, शेजाऱ्यांच्या मिक्सरचाही. एका वहीत तीन रकाने आखलेत: सी, डी, शेरा. काल शेऱ्यात "बाद" लिहिताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या कॉलेजात होता का रे असा एखादा?" माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. चार वर्षं त्या लॅबमध्ये गेलो, मागच्या भिंतीला लोखंडी कपाट होतं, कुलूप लावलेलं, त्यात काय आहे ते कधी विचारलं नाही.

काल रात्री कॉलेजच्या एका सरांना मेल टाकलाय. कपाट अजून आहे का, आणि असल्यास आत काय आहे. उत्तर आलं की कळवतो.